मुलीची एएनए पॉझिटिव्ह आली, म्हणजे ल्युपस झालाच का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी ११ वर्षांची, ऑगस्टपासून हाताची बोटं आणि गुडघे दुखतायत, थकवा आहे, मधूनच संध्याकाळी कणकण येते. फॅमिली डॉक्टरांनी एएनए ही रक्ताची टेस्ट करायला सांगितली, ती १:३२० स्पेकल्ड पॉझिटिव्ह आली, मग लॅबमधूनच कुणीतरी सुचवलं म्हणून वेगवेगळ्या अँटीबॉडी शोधणारं सगळं पॅनल करून टाकलं, त्यात आरओ-५२ पॉझिटिव्ह आणि अँटी-डीएसडीएनए 'बॉर्डरलाइन', आणि त्या रात्री तुम्ही अडीचपर्यंत गुगल करत बसलात. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: हा ल्युपसच, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो ऑटोइम्यून आजार, आहे का, औषधाने हे आकडे खाली आले की ती बरी झाली असं धरायचं का, आणि पुढच्या महिन्यात शाळेची लोणावळ्याची ट्रिप आहे तिला पाठवायचं का.

मी वीसेक वर्षं पुण्यात लहान मुलांच्या संधिवाताचंच काम करते. मुलीला न बघता निदान सांगणार नाही, ते कुणीच सांगू नये. पण ही मुलगी माझ्या ओपीडीत आली असती तर मी कसा विचार केला असता ते मात्र सांगू शकते.

तुम्ही फोटो टाकलेले रिपोर्ट मी एकेक करून बघितले, अकरा पानं आहेत. अकरा पानांत लघवीचा एकही रिपोर्ट नाही. तुम्हाला बोलत नाहीये, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही तर तुम्ही कुठून करणार, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. तुम्ही विचारताय अँटीबॉडीचा आकडा किती वाईट आहे. मला आधी हे कळायला हवं की त्या अँटीबॉडी तिच्या अंगात कुठे काही बिघडवतायत का, आणि मुख्य म्हणजे किडनीला हात लावलाय का. मुलांमधला ल्युपस मोठ्यांपेक्षा जास्त आडदांड असतो, किडनीत जास्त वेळा जातो, आणि किडनी दुखत नाही. सांधे दुखले की मूल रडतं, किडनी गपचूप बिघडते.

आता एएनए म्हणजे काय ते. पेशीच्या केंद्रातल्या मालमसाल्याविरुद्ध, म्हणजे डीएनए आणि त्याला चिकटलेल्या प्रोटीन वगैरेंविरुद्ध, शरीराने स्वतःच बनवलेल्या अँटीबॉडी. एका काचेच्या स्लाइडवर माणसाच्या पेशी चिकटवलेल्या असतात, त्यावर तुमच्या मुलीच्या रक्ताचं सीरम पातळ करून टाकतात, मग हिरवा चमकणारा रंग लावतात आणि अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली बघतात. अँटीबॉडी असेल तर पेशीचं केंद्र हिरवं चमकतं. १:३२० म्हणजे काय, तर ताकात पाणी घालत जायचं आणि कुठपर्यंत ताकाची चव लागते ते बघायचं, तसंच. एका भागाचे ३२० भाग होईपर्यंत पातळ केलं तरी चमक दिसत होती, एवढंच. बघणारं माणूसच असतं, चमक डोळ्याने ठरते, त्यामुळे एका लॅबने १:१६० म्हटलं आणि दुसरीने १:३२० तर त्याला मी फरक मानत नाही. आणि स्पेकल्ड म्हणजे ठिपके ठिपके, रांगोळीला काढतो तसे. पॅटर्नवरून पुढे कुठली अँटीबॉडी शोधायची याचा अंदाज येतो, रोग ठरत नाही.

धडधाकट लोकांतही ही टेस्ट पॉझिटिव्ह येते, आणि थोडीथोडकी नाही. १९९७ साली पंधरा लॅबनी मिळून केलेल्या एका अभ्यासात निरोगी लोकांपैकी १:४० ला साधारण ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० ला ३ टक्के पॉझिटिव्ह निघाले होते. ते सगळे मोठी माणसं होते, पण मुलांच्या ओपीडीतही माझा अनुभव याच्या फार लांब नाही. शंभरातल्या तिघांना म्हणजे तुमच्या सोसायटीत, मुलीच्या शाळेत असे कितीतरी जण असतील, त्यांनी टेस्ट केली नाही म्हणून सुखाने झोपतायत. माझ्याकडे एक मुलगा पाच वर्षं येतोय, एएनए १:६४०, सुरुवातीला कुणीतरी पायदुखीसाठी केली होती. पायदुखी वाढत्या वयाची निघाली, ती गेली, एएनए आहे तशीच आहे, पोरगा फुटबॉल खेळतो. आता मी त्याला वर्षातून एकदा बघते, आणि तेही आईच्या समाधानासाठी जास्त.

मग कशाकशाने पॉझिटिव्ह येते? व्हायरल आजारानंतर काही दिवस येऊ शकते. तुमच्या मुलीचं दुखणं ऑगस्टमध्ये सुरू झालं, भर पावसाळ्यात, आणि पुण्यात त्या दिवसांत डेंग्यू-चिकनगुनियाचे पेशंट किती असतात ते तुम्हाला माहीतच आहे. चिकनगुनियानंतर सांधे आठवडेच्या आठवडे, कधीकधी महिनोनमहिने दुखतात. तेव्हा तिला सुरुवातीला मोठा ताप आणि अंगावर पुरळ होतं का, घरात किंवा बिल्डिंगमध्ये आणखी कुणाचे सांधे धरले होते का, हे मी पहिलं विचारलं असतं. तुम्ही ते लिहिलेलं नाही. थायरॉइडच्या ऑटोइम्यून आजारातही एएनए येते, आणि थायरॉइडनेही थकवा येतो, म्हणून टीएसएच करून घ्या. शिवाय जेआयए, म्हणजे लहान मुलांचा संधिवात, त्यातही एएनए पॉझिटिव्ह असते, आणि तिथे तिचा अर्थ अगदीच वेगळा: अशा मुलांना डोळ्यांच्या आत सूज येण्याचा धोका जास्त, डोळा लालही होत नाही दुखतही नाही, म्हणून दर काही महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे स्लिट लॅम्पवर तपासणी. म्हणजे टेस्ट तीच, एका मुलात ती किडनीकडे बघायला सांगते आणि दुसऱ्यात डोळ्याकडे.

आणखी एक गोष्ट सांगते, घाबरवायला नाही. हाडं-सांधे दुखणं, थकवा, ताप आणि सीबीसीत पेशी कमी, असं चित्र रक्ताच्या कॅन्सरमध्येही दिसतं. म्हणून सीबीसी नीट बघितल्याशिवाय, गरज वाटली तर बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या मज्जेची तपासणी, केल्याशिवाय, 'बघू तरी गुण येतो का' म्हणून स्टिरॉइड सुरू करायचं नाही, तात्पुरता गुण येतो आणि मूळ आजार झाकला जातो. तुमच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ५,८०० आणि प्लेटलेट २ लाख ९० हजार आहेत, हिमोग्लोबिन ११.२. म्हणजे या बाजूने मला आत्ता तरी घोर नाही.

पॅनलकडे येऊ. खरं म्हणजे हे पॅनल सरसकट करायचंच नसतं. अमेरिकेतल्या रुमॅटॉलॉजी कॉलेजने, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेने, २०१३ मध्ये मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, की एएनए पॉझिटिव्ह आणि सोबत रुमॅटिक आजाराची लक्षणं असतील तरच पॅनल करा, नाहीतर नको. कारण पंधरा-सोळा पट्ट्यांची टेस्ट केली की एखादी पट्टी फिकट उमटतेच, आणि मग त्या पट्टीच्या मागे सगळं घर धावतं. पण आता झालंच आहे तर बघू.

डीएसडीएनए ही ल्युपसची त्यातल्या त्यात कामाची अँटीबॉडी. पेशी मरतात तेव्हा त्यांचा आतला कचरा वेळच्या वेळी उचलला जायला हवा, ल्युपसमध्ये ती साफसफाई नीट होत नाही, डीएनए उघडा पडतो, त्याविरुद्ध अँटीबॉडी बनते, दोघांच्या जोड्या किडनीच्या गाळणीत जाऊन बसतात आणि तिथे जळजळ सुरू होते. त्या भानगडीत कॉम्प्लिमेंट नावाची प्रोटीन खर्ची पडतात, म्हणून सी३ आणि सी४ खाली येतात. म्हणून डीएसडीएनए मी कधीच एकटी वाचत नाही, सी३-सी४ शेजारी ठेवूनच वाचते. तुमच्याकडे ते दोन्ही नाहीत. आणि तुमची टेस्ट एलायझा पद्धतीची आहे. एलायझा हलक्या, ढिल्या चिकटणाऱ्या अँटीबॉडीही पकडते, त्यामुळे 'बॉर्डरलाइन' आलेल्या बऱ्याच जणांत पुढे काहीच निघत नाही. अशा वेळी मी क्रिथिडिया टेस्ट सांगते. क्रिथिडिया हा माश्यांमध्ये राहणारा एकपेशीय जीव, त्याच्या अंगात एका जागी निव्वळ डीएनएचा गोळा असतो, तो गोळा चमकला म्हणजे अँटीबॉडी खरोखर डीएनएविरुद्धच आहे. ही टेस्ट काही खरे पेशंट सोडते, पण पॉझिटिव्ह आली तर तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

पॅनलमधली एसएम ही अँटीबॉडी तुमच्या मुलीत निगेटिव्ह आहे. १९६६ साली स्मिथ आडनावाच्या पेशंटच्या रक्तात सापडली म्हणून एसएम. ती असली तर ल्युपसबद्दल जवळपास खात्री, पण बहुसंख्य ल्युपस पेशंटमध्ये ती नसतेच, त्यामुळे निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही. रायबोसोमल-पी मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त दिसते, तीही तुमच्याकडे निगेटिव्ह. उरली आरओ-५२. ही एकटीच पॉझिटिव्ह असेल तर तिला मी फार भाव देत नाही, ती कितीतरी आजारांत आणि कधीकधी काहीच नसताना दिसते. आरओ-६० सोबत असती तर एक नोंद मात्र ठळक करून ठेवली असती, कारण ही अँटीबॉडी गरोदरपणात आईकडून बाळात जाते आणि थोड्या, म्हणजे शंभरात एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके मंद करू शकते. ती पंधरा-वीस वर्षांनंतरची गोष्ट, आत्ता त्यावर झोप घालवू नका. फॉस्फोलिपिड अँटीबॉडी, ज्यांनी रक्ताच्या गुठळ्या होतात, त्या तुमच्या पॅनलमध्ये नसतातच, त्या वेगळ्या करायच्या आणि पॉझिटिव्ह आल्या तर १२ आठवड्यांनी परत करून खात्री करायची. पण आधी ल्युपस आहे असं वाटलं तरच.

तुम्ही गुगलवर वाचलंत की अँटीबॉडी आजाराच्या आधी कित्येक वर्षं येते. बरोबर आहे. अमेरिकन सैन्यातल्या लोकांचं साठवून ठेवलेलं रक्त तपासून २००३ साली तो अभ्यास आला, १३० ल्युपस पेशंटपैकी ११५ जणांत आजार कळायच्या आधीच निदान एक तरी अँटीबॉडी होती, काहींत नऊ वर्षांहूनही आधी. पण तो अभ्यास ज्यांना ल्युपस झाला त्यांच्यापासून मागे गेलाय. ज्यांना अँटीबॉडी आहे त्यांच्यापासून पुढे गेलं तर बहुतेकांना काहीही होत नाही. आणखी एक, त्या अभ्यासात एएनए आणि आरओ लवकर दिसायच्या, डीएसडीएनए नंतर, एसएम अगदी आजार जवळ आल्यावर. म्हणून तुमच्या मुलीचा डीएसडीएनएचा प्रश्न मी वाऱ्यावर सोडणार नाही, पण त्यावरून औषधही सुरू करणार नाही.

तुम्ही ल्युपसचे २०१९ चे पॉइंटवाले निकषही लावून बघितलेत, बेरीज १२, म्हणजे ल्युपसमध्ये बसण्याइतकी, आली म्हणताय. त्यात एएनए १:८० हे नुसतं दार आहे, आत शिरायला, त्याचे पॉइंट शून्य. पुढे सांध्यांचे ६ आणि डीएसडीएनएचे ६ तुम्ही धरलेत. पण सांध्यांचे ६ हे सूज असेल, किंवा दाबल्यावर दुखणं आणि सकाळी निदान अर्धा तास आखडणं असेल तर, तेही किमान दोन सांध्यांत. नुसतं 'दुखतंय' चालत नाही. आणि बॉर्डरलाइन एलायझाला कुणी ६ देत नाही. शिवाय ज्या लक्षणाला दुसरं कारण जास्त पटण्यासारखं आहे, उदाहरणार्थ चिकनगुनिया, ते लक्षण मोजायचंच नाही असा त्यात नियम आहे. आणि हे निकष मुळात अभ्यासात पेशंट निवडायला बनवलेत, घरी बसून निदान करायला नाहीत. अर्थात मोह होतो, मलाही झाला असता.

आता मी काय केलं असतं. मुलीला खिडकीपाशी उजेडात बसवून चेहरा बघितला असता. गालावरची लाली नाकावरून पलीकडे जाते का, आणि नाकाच्या पाकळीपासून ओठाकडे उतरणारी जी घडी असते तिथे ती थांबते का, ल्युपसची लाली बहुधा ती घडी सोडते. तोंड उघडायला लावून टॉर्चने टाळू बघायची, कारण ल्युपसचे तोंडातले व्रण टाळूवर असतात आणि बऱ्याचदा दुखत नाहीत, मूल सांगतच नाही. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून बारीक रक्तवाहिन्या बघायच्या. एकेक बोट दाबून सूज आहे की नुसतं दुखणं. केस, गाठी, पायावरची सूज. आणि बीपी, लहान मुलांच्या मापाच्या पट्ट्याने, हे कितीतरी ठिकाणी राहून जातं.

मग टेस्ट: सकाळच्या पहिल्या लघवीची रूटीन-मायक्रोस्कोपी आणि प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो, सी३, सी४, क्रिएटिनिन, सीबीसी परत, आणि अंगातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी. ईएसआर भरमसाट आणि सीआरपी मात्र नॉर्मल अशी जोडी दिसली की माझे कान टवकारतात, ल्युपसमध्ये असं खूपदा असतं. रेशो ०.२ च्या आत असेल तर छान, ०.५ च्या वर राहिला तर किडनी बायोप्सीची गोष्ट काढावी लागते. लघवीची बाटली लॅबमधून आणा, रात्री झोपताना तिला लघवी करायला सांगा, सकाळी उठल्या उठल्या मधली धार बाटलीत, तासाभरात लॅबमध्ये. तुम्ही केलेल्या पॅनलच्या मानाने या सगळ्याला किरकोळ पैसे लागतात.

दुसरा प्रश्न, आकडा खाली आला की बरी झाली का. याचं उत्तर मी माझ्याच चुकीतून शिकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात १३ वर्षांची एक मुलगी होती, ल्युपस पक्का, औषधं चालू, डीएसडीएनए दर वेळी निम्म्यावर येत होती. एका खेपेला तिच्या बाबांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला, आकडा जवळपास नॉर्मल, मी खूश, ते खूश, आणि लघवीचा रिपोर्ट त्या वेळी आणलाच नव्हता तर मी म्हटलं असू दे, पुढच्या वेळी. पुढची खेप सहा आठवड्यांनी. ती दारातून आत आली तेव्हाच डोळे सुजलेले दिसले, आई म्हणाली हल्ली झोप जास्त होते म्हणून असेल. लघवीला फेस, रेशो ३ च्या वर. औषध वाढवून ती सावरली, पण तेव्हापासून लघवीचा रिपोर्ट नसेल तर मी पेशंटला आधी खाली लॅबमध्ये पाठवते आणि मग बोलते. याच्या उलटही होतं. काही मुलांचा डीएसडीएनए वर्षानुवर्षं चढा असतो आणि मूल ठणठणीत, तेव्हा आकड्यासाठी औषध वाढवायचं नाही, फक्त लवकर लवकर बघायचं. एएनए तर परत करायचीच नाही, ती वर गेली खाली गेली याला काही अर्थ नाही, तेवढे पैसे वाचवा.

मधल्या मध्ये गोळा करून सांगते: १:३२० आणि आरओ-५२ वर ल्युपस ठरत नाही, बॉर्डरलाइन डीएसडीएनए नीट पद्धतीने परत बघायला हवी, आणि सगळ्यात आधी लघवी, बीपी, सी३-सी४. हे सगळं स्वच्छ आलं आणि सांध्यांना सूज नसली तर मी औषध न देता दोन-तीन महिन्यांनी परत बघेन. यात काही बिघडलेलं निघालं तर चित्र बदलेल, तेव्हा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आणि किडनीत असेल तर स्टिरॉइड आणि बाकीची औषधं, ते तेव्हा. तुम्हाला कुणीतरी 'आधीच स्टिरॉइड सुरू करून टाका' म्हटलंय असं लिहिलंत. माझ्याकडे अशीच एक मुलगी आली होती, नुसत्या एएनएवर चार महिने स्टिरॉइड, चेहरा गोल, वजन वाढलेलं, शाळेत मुलं चिडवायची म्हणून घरी बसलेली. तिला ल्युपस नव्हताच. ते हळूहळू बंद करायला आणखी तीन महिने गेले, एकदम थांबवता येत नाही ना.

काय दिसलं तर थांबायचं नाही तेही सांगते. लघवीला फेस येतोय आणि फ्लश करूनही राहतोय, लघवी लालसर किंवा चहासारखी, सकाळी डोळे सुजलेले, मोज्याचे वळ खोल उमटतायत, छातीत श्वास घेताना दुखतंय, झटका आला, किंवा मूल एकदम वेगळंच वागायला लागलं, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल.

राहिली ट्रिप. लघवी आणि बीपी या आठवड्यात करून घ्या, ते नॉर्मल असेल तर खुशाल पाठवा. निदान होईपर्यंत ऊन जरा जपायचं, कारण उन्हाने त्वचेतल्या पेशी मरतात आणि ल्युपस असेलच तर तो चेततो. पूर्ण बाह्यांचा टॉप, टोपी, एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन सकाळी आणि दुपारी परत. पुण्यातल्या मुली स्कूटीवर तोंडाला बांधतात तो स्कार्फही चालेल, त्यावरून आपल्याला किती का हसेनात लोक. बरोबर जाणाऱ्या बाईंना सांगून ठेवा की गुडघे दुखले तर तिला चढ चढायला लावू नका, आणि सकाळी तिच्या डोळ्यांकडे एकदा बघा.